काकीने मान हलवली, पण कागद मी दाखवला होता

ज्या बाईला मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरले, ती आज सकाळी गेली.

उरणजवळच्या जासईची हिराकाकी. वय झालं होतं, झोपेतच गेली. नात्याने माझी कोणी नाही.

तिचा नवरा माझ्या हातून गेला.

हे वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली. आत्तासुद्धा दोनदा टाइप करून पुसलंय.

तेव्हा मी बावीसची. नर्सिंग पास होऊन चार महिने झालेले. पनवेलमधलं एक छोटं हॉस्पिटल, एकच जनरल वॉर्ड, आणि दुपारच्या ड्यूटीला मी एकटी.

काका तापाने ॲडमिट होते. त्यांना पेनिसिलिन सोसत नाही, हे काकीने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांच्या केसपेपरवर लाल पेनाने तसं लिहिलेलंही होतं.

त्या दिवशी शेजारच्या पेशंटला थंडी वाजत होती, त्याला डोक्यावर पंखा नको होता. काकांना हवा होता. दोघांनी आपसांत खाटा बदलल्या. कोणाला सांगायची गरज वाटली नाही.

केसपेपर खाटेला लटकवलेले असायचे. ते तिथेच राहिले.

मी ट्रे घेऊन गेले तेव्हा काका गाढ झोपले होते. कोणत्या पेशंटचं नाव काय, हे मला अजून चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"काकी, पेशंटचं नाव काय?"

काकी लाजली. पदर पुढे ओढून खाली बघत हसली. नवऱ्याचं नाव कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच.

मला इतकं गोड वाटलं ते. माझी आजीही आजोबांचं नाव कधी घ्यायची नाही. म्हणून मी, अतिशहाणी, खाटेचा केसपेपर तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "हेच ना?"

काकीला वाचता येत नव्हतं. तिने मान हलवली.

कागद शेजारच्याचा होता. इंजेक्शन पेनिसिलिनचं.

पाच मिनिटांत काकांचा चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला. डॉक्टर धावत आले, होतं नव्हतं ते सगळं केलं. दिवेलागणीच्या आत काका गेले.

मी भिंतीला टेकून उभी होते. खोटं कशाला बोलू, डोक्यात काका नव्हतेच. नोकरी जाणार, पोलीस येणार, बाबांना काय सांगू, एवढंच होतं.

नाव विचारलं, काकीने मान हलवली, एवढंच मी डॉक्टरांना सांगितलं होतं. ते घरच्यांना म्हणाले, "तुमच्या आईंनीच नाव कन्फर्म केलं होतं."

काकांचा मोठा मुलगा, प्रशांतदादा, आईकडे वळला. "आई, तू मान कशाला हालवलीस?"

काकी काही बोलली नाही.

मीही नाही.

नंतर जासईचा पेशंट आला की मी स्टोअररूममध्ये जाऊन उभी राहायचे. उरण नाक्यावर मासळी आणायला जाणंही बंद केलं, न जाणो काकी समोर आली तर. आई विचारायची, तुला झालंय काय. काही नाही म्हणायचे.

चार वर्षं अशीच गेली. तोवर मी दुसऱ्या हॉस्पिटलला लागले होते. एक दिवस वॉर्डातून आवाज आला.

"सिस्टर, तिला कागद नको दाखवू. तिला नाव इचार."

हिराकाकी. गावातल्या एका बाईचा नवरा ॲडमिट होता, तिच्यासोबत आली होती. गावचं कोणी ॲडमिट झालं की ती सोबत जायचीच, हे नंतर कळलं. महिला मंडळात बायकांना एकेक करून नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायला लावायची, उखाणा न घालता. बायका हसून लोळायच्या. ती हसायची नाही. "दवाखान्यात लाजाल तर मानूस जाईल," म्हणायची.

तिने मला ओळखलं. मी हातातला ट्रे खाली ठेवला.

मी तिला जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं. खाटा, कागद, लाल पेन, सगळं. भीतीने धड रडूही येत नव्हतं.

काकी पायरीवर बसली. म्हणाली, "मला वाटं माजंच चुकलं. चार वरसं तेच घेऊन झोपतंय मी."

"मी दादांना सांगते, काकी."

"नाय. मी हाय तवर नाय. तो तापट हाय, तुज्या दारात येल. मानूस गेला तो गेला, आता पोरगा जेलात नको मला."

"मग मी काय करू?"

"तुज्या पोरींना शिकव."

पोरी म्हणजे नवीन नर्सेस. शिकवते. आता तर ट्रेनिंगमध्ये सांगतात, जगभर हाच नियम आहे. नाव आपण सुचवायचं नाही, पेशंटला सांगू द्यायचं. मनगटावरची पट्टी बघायची, खाट नाही. स्लाइडवर एका ओळीत मावतं ते. इंजेक्शन भरून झालं की मी तीन-तीनदा नाव विचारते. पेशंट वैतागतात. वैतागू देत.

पण एक गोष्ट केली नाही. दादा त्या दिवसापासून आईशी कामापुरतंच बोलत होते. पुढे काकीकडे माझं जाणं-येणं झालं, तेव्हा तिनेच एकदा सहज सांगितलं, कोलंबी सोलता सोलता. तरी मी गप्प. तिने नको म्हटलं, आणि माझ्या भित्र्या जिवाला तेवढं पुरलं.

प्रशांतदादा, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. तुमच्यासाठी मी फक्त आईच्या ओळखीची सिस्टर; त्या दुपारची नर्स मीच, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही टाकलेला आईचा फोटो पाहिला. त्याखाली जोडलेले हात टाकून मोकळी होऊ शकले असते.

इनबॉक्समध्ये लिहिणार होते. पण तिला दोष चारचौघांत लागला होता, म्हणून चारचौघांतच लिहितेय.

आईने मान हलवली, कारण मी तिच्यापुढे चुकीचा कागद धरला होता. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

दहाव्याला मी जासईला येतेय. त्याआधी तुम्हाला यायचं असेल तर मी घरीच आहे. खूप घाबरलेय, पण घरीच आहे.

काकी, तुमची काही चूक नव्हती. आता शांत झोपा.