पेवातलं दही

आमच्या गल्लीत केबल आलं त्या उन्हाळ्यात परळीतल्या आम्हा पोरांना एकच वेड लागलं होतं, तंबूचं. कुठल्याशा जाहिरातीत लाल-पिवळ्या तंबूबाहेर एक गोरं कुटुंब काहीतरी भाजून खायचं आणि काही कारण नसताना हसायचं. मला तसंच हसायचं होतं. मी अकरा वर्षांची होते आणि खोटं रडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चार दिवस मी मनापासून प्रयोग केले आणि वडील शरण आले.

शरण कसले, त्यांचं काम त्यात होतंच. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं किराण्याचं दुकान. त्या साली त्यांनी नेकनूरच्या बाजूला डोंगराखाली एक आमराई धरली होती, म्हणजे झाडांवरचे आंबे उभ्यानं विकत घेतले होते. राखणीला तिथं कुणीतरी मुक्काम करणं भागच होतं. वडील म्हणाले, "चला, हाच तुमचा कॅम्प." ट्रकवरची जुनी ताडपत्री तंबू झाली. आई, वडील, मी, काका आणि काकू अशी पाच माणसं टेम्पोत बसली.

काकूबद्दल आधीच सांगते, कारण गोष्ट तिची आहे. लग्नाला चार महिने झालेले, वय एकोणीस. घरात सगळ्यांत धाकटी सून, म्हणून प्रत्येक हाक तिच्याच नावानं. पाणी, चहा, दळण, माझी वेणी, वडिलांचा टॉवेल, सगळं तिच्याकडे. ती दुपारी आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आईचा बेत सेनापतीसारखा होता. आधी नासणारं आधी खायचं. पहिल्या दिवशी पुरणाच्या पोळ्या, मग दुधात भिजवलेल्या दशम्या, मग धपाटे, आणि शेवटी ज्वारीचं पीठ, बेसन, कांदे आणि शेंगदाण्याची चटणी, जी प्रलयातही टिकते. वेशीबाहेर अन्न नेताना मागे काही लागू नये म्हणून तिनं प्रत्येक डब्यात कोळशाचा खडा टाकला. परळीत वीजकेंद्र, तिथं कोळशाला काय तोटा. फक्त दह्याच्या मडक्याची तिला चिंता होती. उन्हात ते अर्ध्या दिवसात फसफसलं असतं.

आमराईला लागूनच एक उठून गेलेलं गाव होतं. बेचिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. पटकीत माणसं गेली की पाणी आटलं, कुणाला धड माहीत नव्हतं. जोती तेवढी उरलेली. काही चुलवणांचे दगड अजून काळे होते. तिथं कुत्रं नव्हतं, कावळा नव्हता. दुपारी बोललं की आपलाच आवाज कानाला मोठा वाटायचा आणि आपण हळू बोलायला लागायचो.

अशा एका जोत्यात काकाला पेव सापडलं. पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत खणायचे तसला खड्डा, तोंड अरुंद, पोट रुंद, दीड पुरुष खोल. वर दगडी झाकण. उघडलं तर आतून गार हवा आली. काका खूश झाला. "वैनी, हे बगा, आपला फ्रीज."

आईनं आत कंदील सोडला. ज्योत सरळ जळत राहिली. हवा चांगली असल्याची ती खूण. मग बांबूची शिडी लावली. दही, लोणी, दशम्या, सगळं खाली गेलं. काकाच्या डोक्यात लगेच व्यापार आला. त्यानं दोन पोती पाडाचे आंबे खाली नेले आणि तळाशी गवतात पिकायला अढी घातली. उष्णता आत जाऊ नये, मुंग्या येऊ नयेत, म्हणून प्रत्येक वेळी झाकण घट्ट लावायचं असं ठरलं. काका अंग चोरून कसाबसा उतरला होता आणि मला आई उतरू देत नव्हती; तोंडातून आत-बाहेर सहज होईल असं अंग फक्त काकूचं. त्यामुळे खाली जायचं तिनं, वर उभं राहून डबे घ्यायचे मी.

पहिल्या दिवशी ती गेली तशी आली. दुसऱ्या दिवशी जरा उशिरा. मी विचारलं, "काकू, कावून गं इतका वेळ?" ती म्हणाली, "लई गार हाय खाली." चेहऱ्यावर हसू होतं, पण ते माझ्याकडे पाहून आलेलं नव्हतं. संध्याकाळी ती काही आणायचं नसतानाही पेवाकडे निघाली आणि आईनं हटकल्यावर म्हणाली, "मीठ राहिलंय खाली." मीठ तंबूत होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती दही आणायला उतरली. झाडाचं पान हलत नव्हतं. मी तोंडाशी ओणवी होऊन डबा यायची वाट बघत होते. डबा आला नाही. खालून काकूचा आवाज आला, मऊ, आज्ञाधारक. "हो. बसते." थोड्या वेळानं, "न्हाई, कुणी बोलावत न्हाई." मग ती हसली.

ती माझ्याशी बोलत नव्हती. हे मला कळलं. रडण्याचा इतका सराव असूनही रडू आलं नाही. मी धावत आईकडे गेले.

आईनं पुन्हा कंदील सोडला. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली, आणखी खाली गेली तशी विझली. काका शिडीकडे झेपावला. वडिलांनी त्याला मागून कवटाळलं. "थांब बे, तू बी तिथंच झोपशील."

"बायको हाय माजी, दादा."

"म्हनूनच थांब. वरून हाक मार."

काकानं हाक मारली. वडिलांनी मारली. मी "काकू, वर ये" म्हणून घसा फोडला. खालच्या अंधारात ती भिंतीला टेकून बसलेली अंधूक दिसत होती, मांडीवर दह्याचं मडकं, मान एका बाजूला. एकाही हाकेला हलली नाही. वडील घोंगडं आत सोडून हवा ढवळत होते आणि ते घोंगडं तिच्या तोंडावरून जात होतं तरी ती हात वर करत नव्हती.

मग आई पेवाच्या तोंडाशी पालथी पडली आणि रोजच्या, किंचित वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "अगं, दूध उतू चाललंय. लक्ष कुठाय?"

काकू उठली. डोळे उघडले होते की नाही, सांगता येत नाही. मडकं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि शिडीच्या दोन-तीन पायऱ्या चढली. पुढं पाय अडखळला तेव्हा काकानं वाकून तिचं मनगट पकडलं आणि तिला ओढून काढलं.

सावलीत पाणी मारल्यावर तिनं पहिला शब्द काढला. "दूध?"

"दूध न्हाई गं," आई म्हणाली. "दूध सकाळीच संपलं."

काकूनं वर आंब्याच्या फांद्यांकडे पाहिलं. "मग उगंच उठवलं, अक्का."

 मग तीच सांगत गेली. खाली एक बाई म्हणायची, बस गं जरा, दमलीस. दिसायची नाही. जुन्या ज्वारीचा वास यायचा. "मला माझ्या माहेरच्या नावानं बोलवायची," काकू म्हणाली. लग्नात काकाच्या हातानं तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून ते नाव आमच्यात कुणी उच्चारलं नव्हतं. मला तर ते माहीतही नव्हतं.

वडिलांनी नंतर समजावलं की पिकणाऱ्या आंब्यांनी बंद जागेतली हवा खराब होते, डोकं भ्रमतं, माणसाला काहीही ऐकू येतं. पटतं मला. आजही पटतं. पण ते समजावताना त्यांनी पेवाकडे पाठ केली नव्हती, हे मी पाहिलं.

काका संध्याकाळपर्यंत जोत्याचे दगड पेवात लोटत होता. अढी, लोणी, दशम्या, सगळं आत राहिलं. शेवटचे काही दगड पडल्याचा आवाज आला नाही, असं तो सांगतो. त्याला तिखटमीठ लावायची सवय आहे, ती आमच्या घराण्यातच आहे. तरी हे सांगताना तो हसत नाही.

आईचा सगळा बेत बुडाला होता. उरलं होतं पीठ, बेसन, कांदे, चटणी. तिनं भाकरी थापल्या, काकाला पिठलं हाटायला बसवलं. त्यात गुठळ्या झाल्या. वडील नेहमीसारखे आधी पाटावर येऊन बसले.

"तुमी जरा थांबा," आई म्हणाली. आणि काकूसमोर ताट ठेवलं.

"अक्का, मी कशी आधी जेवू?"

"जेव."

काकूनं ताटाकडे पाहिलं, मग अंधारात जिथं दगड भरले होते तिकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की आईनं पुढं होऊन तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. आईनं त्या वेळी अगदी हळू एक नाव उच्चारलं. ते तिनं लग्नाच्या बोलण्यांत कधीतरी ऐकलं असणार.

काकूनं दुसऱ्या हातानं भाकरी मोडली. गुठळी आली तशी काकाकडे बघून म्हणाली, "हे कसलं पिठलं?" आणि पुन्हा घास घेतला. आम्ही चौघं उपाशी तिच्याभोवती बसून ती जेवताना बघत राहिलो.