गिटारचं भजन

“मशीन जळली म्हनता, मंग हे काय वाजून राह्यलं?” बयनाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

छपरावरच्या भोंग्यातून आरतीची कॅसेट साऱ्या बोथ गावाला ऐकू जात होती. माईकसेटची मशीन ओसरीवरच होती आणि ती बयनाबाईनं स्वतः चालू केली होती. चंपतराव दारात उभे. त्यांनी आधी मशीनवरच्या लाल दिव्याकडं पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडं, आणि म्हणाले, “आता चालली वाटते.”

“सकाळी वामनरावले सांगतलं जळली म्हनून. आता दुपारी चालली. दुरुस्त कोनं केली, मारोतीरायानं?”

चंपतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. अडचणीत सापडले की ते टोपीचा आसरा घेत.

भांडण सकाळपासून चाललं होतं. जिनिंगवाले वामनराव स्वतः जीप घेऊन दारी आले होते. त्यांच्या पोरीचं लग्न, चैत्र संपता संपता, पाच हजार पान. मांडव निर्मलचा, आचारी नांदेडचा, पण माईकसेट मात्र चंपतरावांचाच पाहिजे, कारण वामनरावांच्या स्वतःच्या लग्नातही तोच वाजला होता. आणि चंपतरावांनी त्यांना दारातून परत पाठवलं. बयनाबाईची सासू सोनाबाई तेव्हापासून खाटेवर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “देव घरी आला आन् यानं कडी लावली.”

नकाराची ही पहिली वेळ नव्हती. दोन वर्षांत त्यांनी तीन लग्नं आणि एक सप्ताह सोडला होता. दोनदा कंबर धरली होती, एकदा बॅटरी उतरली होती, एकदा पाऊस येईलसं वाटलं होतं, आणि तेही मे महिन्यात. घेत होते ते वर्षातून एकच काम, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवसाचं गिटारचं भजन. त्याला यंदा बारावं वर्ष लागत होतं.

बयनाबाईला हे गणित सुटत नव्हतं. हा माणूस आवाजासाठी जन्मलेला. लग्न होऊन ती बोथला आली तेव्हा घरात कणगी एक आणि भोंगे चार होते. नवरा-नवरीची नावं लोक विसरतात, आवाज कुठवर गेला ते विसरत नाहीत, असं चंपतरावांचं म्हणणं. वारं सरळ असलं तर आपला भोंगा नार्नूरला ऐकू जातो, हे ते छातीवर हात ठेवून सांगत. नार्नूरहून त्यांना खोटं पाडायला एवढ्या लांब कोणी येत नव्हतं.

पण त्यांच्या नशिबी आलं ते एकच वाक्य, “चंपतराव, थोडं कमी करा.” नवरीचा बाप म्हणे, कमी करा. कीर्तनकार टाळ थांबवून म्हणत, कमी करा. पंधरा ऑगस्टला हेडमास्तर आधी तेलुगूतून, मग मराठीतून, मग हात जोडून तेच म्हणत. चंपतराव कमी करत. पण घरी आल्यावर त्यांचं तोंड असं व्हायचं, की जणू सुगरणीला कोणी म्हणालं, मीठ घालू नका.

मग १९८६ साल आलं. धाकटा दीर उद्धव नागपूरला आयटीआय करत होता. तो चार मित्रांना घेऊन बसमधून उतरला. चौघांचे केस खांद्याच्या खाली आणि सामान लांबट काळ्या पेट्यांमध्ये. इंद्रवेल्लीला पोलिसांनी आदिवासींवर केलेल्या गोळीबाराला पाच वर्षं झाली होती, तरी चार अनोळखी पोरं पेट्या घेऊन उतरली की ठाण्यात खुर्च्या सरकत. पेट्या उघडून पाहिल्या गेल्या. आत गिटार निघाली. चौथ्याचं सामान म्हणजे ढोलांचा ढीग, तो तर शिपायांनी दोनदा मोजला. कार्यक्रम काय, असं विचारल्यावर उद्धवला घाम फुटला. परवानगीची दरख्वास्त लिहिणाऱ्या मुन्शीनं मग आपल्या अनुभवानं लिहून टाकलं, ‘भजन, चार माणसे, वाद्यांसह, दिवे लागण्याआधी समाप्त’. त्यावर शिक्का बसला. पुढं दर वर्षी मागच्या वर्षीची दरख्वास्त पाहूनच नवी लिहिली गेली, त्यामुळं सरकारदरबारी ते भजनच राहिलं.

दिवे लागण्याआधी संपवायचं म्हणून हे भजन भर चैत्राच्या उन्हात, दुपारी दोनला सुरू व्हायचं. जागा वामनरावांच्या जिनिंगचं आवार. कापसाचा मोसम सरलेला असे, गाड्या रिकाम्या, बिचकायला बैल नसत. पहिल्या वर्षी साठ माणसं आली. त्यातली चाळीस सावलीसाठी.

शेजारच्या देवकाबाईनं ढोलवाल्या पोराला विचारलं, “बाबू, केस कोनाच्या नवसाचे?” पोरगं गांगरून म्हणालं, आईचा नवस आहे. “कवा उतरवनार?” तो म्हणाला, इंजिनीअरिंग पास झालो की. देवकाबाईनं त्याच्यावरून मूठभर मीठ ओवाळलं आणि सांगितलं, होशील. तो पुढं पाच वर्षं तसाच केस वाढवून येत राहिला, तेव्हा तिनं नवस कडक आहे असा निष्कर्ष काढला.

गाणं सुरू झालं तशी चंपतरावांची पंचाईत झाली. त्यांच्या चार भोंग्यांपैकी सगळ्यात जुना आतून फाटका होता. त्यातून आवाज खरखरून, चिरकत यायचा. लग्नात ते तो नुसता शोभेला टांगत. उद्धवनं चुकून तोच जोडला. गिटार वाजली आणि आवारातली कबुतरं एकदम उठली. चंपतराव वायर काढायला धावले, तर गिटारवाला पोरगा त्यांचा हात धरून म्हणाला, “काका, हाच. हाच आवाज आम्ही नागपुरात तीन वर्षं शोधतोय.” आणि मग, “काका, अजून वाढवा.”

बयनाबाई तेव्हा पोरांच्या जेवणासाठी पिठलं घेऊन आली होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. त्यांनी बटन फिरवलं. पोरगा म्हणाला, अजून. त्यांनी अजून फिरवलं. बटन पार टोकाला जाऊन थांबलं, जिथं ते लग्नानंतरच्या बारा वर्षांत कधी गेलं नव्हतं. चंपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बयनाबाई म्हणाली, ऊन लागलं असेल. पण तिला ठाऊक होतं, की ऊन नव्हे.

त्यानंतर ते भजन दर वर्षी झालं. दुसऱ्या वर्षी नवा शिपाई तपासायला आला, अर्धा तास बोटं कानात घालून उभा राहिला आणि म्हणाला, ये कौनसे देवुडु का भजन है? चंपतराव म्हणाले, “साहेब, बहुत दूर के देव का.” शिपायाला ते पटलं. पाचव्या वर्षापासून आदिलाबाद, यवतमाळ, नागपूरहून पोरं यायला लागली, सगळी काळ्या बनियनमध्ये, त्या उन्हात. गावानं त्यांना शनीचे भक्त ठरवलं आणि शनीला वाहायला म्हणून काहींनी दारात तेलाची वाटी ठेवली. ती गाण्याच्या तालात माना आपटत, तेव्हा पहिली दोन वर्षं बायका अंगात आलं म्हणून लिंबू घेऊन धावल्या. तिसऱ्या वर्षी कळलं, की ह्यांच्या अंगात येतं ते गाणं संपलं की आपोआप जातं, मग लिंबाचं सरबत करून विकणं सुरू झालं. एका वर्षी वीज गेली तर दोनशे पोरं दीड तास तोंडानं गिटार वाजवत बसली. सोनाबाई दर वर्षी पहिल्या रांगेत पोतं टाकून बसे आणि गाढ झोपे. वर्षभर तिला झोप नसे. म्हणे, इथं कोणी उठवत नाही.

नुकसान झालं ते एकट्या उद्धवचं. केस मित्रांचे लांब आणि लग्न त्याचं अडलं. तेहतिशी गाठली तरी मुलीकडचे चौकशीला आले, की गावातलं कोणीतरी गिटारचं भजन सांगे आणि पाहुणे चहा न घेता उठत.

आणि बयनाबाई? ती अकरा वर्षं जिनिंगच्या आवारातल्या चुलीपाशी बसून सगळं ऐकत आली. पिठलं ढवळता ढवळता तिला कळे, डाव्या भोंग्याची वायर ढिली आहे, माईक भोंग्याच्या फार जवळ आलाय, आता शिट्टी मारील. ती स्वयंपाकापुढच्या बांबूच्या तट्ट्याआडून ओरडे आणि चंपतराव तिकडं बटन वळवत. कोणी शिकवलं नाही. चूल आणि मशीन यांच्यात एक तट्टाच होता.

मागच्या वर्षी मात्र ती ओरडली आणि बटन वळलं नाही. शिट्टी सुरू झाली ती दोन मिनिटं चालली, कानात सुई घातल्यासारखी. चंपतराव मशीनवर हात ठेवून हसऱ्या तोंडानं बसून होते. पोरं तर वेडी झाली. त्यांना ती गाण्यातलीच वाटली, आणि वाजवून झाल्यावर गिटारवाला म्हणाला, काका, पुढच्या वर्षी ती शिट्टी तशीच पाहिजे. चंपतराव म्हणाले, ठेवू. बयनाबाईला तेव्हाच काही टोचलं होतं, पण दोनशे भाकरी उरकायच्या होत्या.

आता, या दुपारी, लाल दिव्याकडं बघून “आता चालली वाटते” म्हणणाऱ्या नवऱ्याकडं ती पाहत राहिली. सासू खाटेवर देवाला कडी लावत होती. बयनाबाईला मागच्या वर्षीची शिट्टी आठवली. मग तिनं आवाज न चढवता सांगितलं, “बसा. मशीन नीट तपासून द्या मले, म्हंजे मी मानीन.”

ते मशीनपुढं बसले. ती आत गेली, मागच्या दारानं निघाली, शिडीवरून छपरावर चढली आणि भोंग्याची वायर उपटली. आरती बंद झाली. गल्ली एवढी गप्प झाली, की देवकाबाई दारात आली काय झालं पाहायला.

बयनाबाई उतरून ओसरीवर आली. चंपतराव बटन फिरवत होते, हळूहळू वर, मग थोडं खाली, मग डोळे मिटून मान डोलावत होते. तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला.

“पाह्यलं?” ते म्हणाले. “एकदम साफ आवाज हाय.”

सोनाबाईनं तोंड उघडलं, तर बयनाबाईनं तिला हातानंच थांबवलं. “आत्याबाई, देवकाबाईकडून विरजन आनता काय?” सासू कुरकुरत गेली. मग बयनाबाई नवऱ्याच्या समोर पाट टाकून बसली, अशी की तिचे ओठ त्यांना दिसावेत, आणि हातातलं वायरीचं टोक तिनं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

चंपतरावांनी वायर पाहिली. टोपी काढली, पण झटकली नाही.

“कवापासून?” तिनं विचारलं.

“तीन वर्सं झाली. उजवा आधी गेला. आता डावाबी.”

“आन् गिटारचं भजन?”

“ते हाताले ऐकू येते.” त्यांनी तळवा मशीनच्या पेटीवर टेकवला. “इथून येते, छातीत जाते. पोरं तेवढं वाजवतेत, मले कान लागत नाई. पन मंगलाष्टक हाताले येत नाई बयना. वामनरावच्या मांडवात शिट्टी वाजली आन् मी हासत बसलो, तं काय इज्जत राह्यली? लोक म्हनतीन, ज्याचा आवाज नार्नूरले जाते त्याले सोताले ऐकू नाई येत.” त्यांनी वायरीचं टोक तिच्या हातात परत दिलं. “यंदाचं भजन झालं, का सेट इकून टाकतो. कोनाले सांगू नोको. मायले तं अजिबात नाई, ते साऱ्या गावाले सांगन.”

बयनाबाईनं तीन वर्षांची भांडणं मनात चाळली. कितीतरी वेळा तिनं पाठमोऱ्या माणसाला बोल लावले होते आणि तो गप्प राहिला म्हणून वर आणखी बोलली होती. म्हणजे ती सगळी वाया गेली होती, एकही पोचलं नव्हतं. तिला आधी याचाच राग आला.

मग ती उठली, छपरावर गेली आणि वायर जोडून आली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. उद्धव कामावरून आला होता, सोनाबाई विरजणासोबत देवकाबाईच्या घरच्या चार बातम्याही घेऊन आली होती. चंपतराव ताटाकडं पाहून जेवत होते. सोनाबाईनं पुन्हा देव आणि कडी काढली. बयनाबाईनं सगळ्यांच्या ताटात वरण वाढलं, पळी भांड्यात ठेवली आणि नवऱ्याच्या समोर, त्यांना दिसेल अशी उभी राहिली.

“भाऊजी, उद्या सकाळी वामनरावले निरोप द्या. सेट येईन. मशीनवर मी बसीन, लग्नातबी आन् गिटारच्या भजनातबी. तुमचे दादा बाजूले बसतीन आन् पाहुन्याईले भेटतीन.”

“बाईमानूस मशीनवर?” सोनाबाईचा घास हातातच राहिला. “काऊन?”

“मी बसनार हाय म्हनून. त्या दोन दिवसाचा सयपाक तुमी आन् भाऊजी करा.”