नाव घ्या, बाई!

“कामवाली बाई नाही हो! कादंबरीकार बाई! का-दं-ब-री-कार!”

माझी बायको वृंदा माइकमधून अशी काही ओरडली की सिंगापूरच्या ईस्ट कोस्टमधल्या त्या कॉन्डोच्या स्विमिंग पूलमधली अख्खी जनता पाण्याबाहेर आली. (बरं, एकच माणूस आला. पण पूर्ण बाहेर आला.)

संक्रांतीनंतरचा रविवार, भर दुपार. तळमजल्यावरची फंक्शन रूम. एसी असा की तिळाच्या वड्या कुडकुडत होत्या. समोर पैठण्या, इरकली, एक-दोन जीन्स, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव.

“म्हणजे एजन्सी कुठली चांगली, ते आज नाही सांगणार?” पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

“आणि बाई सारखी फोनवर असते, त्याचं काय करायचं?” दुसऱ्या रांगेतून.

घोळ कुमुदकाकूंचा. या कुमुदकाकू म्हणजे आमच्या भागातल्या हळदीकुंकवाच्या सर्वेसर्वा. मुलाकडे म्हणून सिंगापूरला आल्या आणि बघता बघता कॉन्डोचा कारभार ताब्यात घेतला. या वर्षी हळदीकुंकवाच्या आधी वृंदाचं भाषण ठेवायचं असं त्यांनीच ठरवलं. विषय विचारला. वृंदा फोनवर म्हणाली, “दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्लिश लेखिका आहे काकू. पुस्तकावर नावच नाही, नुसतं ‘बाय अ लेडी’. तर तिचं जीवन आणि कार्य.” काकूंनी ते आपल्या परीने सोपं केलं आणि ग्रुपवर टाकलं – ‘तिळगूळ, हळदीकुंकू आणि वृंदाचं भाषण : एका बाईचं आयुष्य आणि काम.’

झालं! पासिर रिसपासून पुंगोलपर्यंत ज्या ज्या घरात हेल्पर, म्हणजे घरात राहणारी कामवाली, आहे त्या त्या घरातली मालकीण हजर. इतकी गर्दी आमच्या गणपतीलासुद्धा होत नाही.

आता पुढे जे झालं ते सांगण्याआधी माझ्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. मी बँकेत सर्व्हर सांभाळतो. बंद केलेला सर्व्हर आपोआप चालू झाला तरी मी ‘भूत’ म्हणत नाही, ‘व्हेंडर’ म्हणतो. लहानपणी पुण्यात आमच्या गल्लीतल्या पिंपळावर मुंजा आहे म्हणायचे. मी त्याच पिंपळाला सायकल टेकवून ठेवायचो, कारण त्या भीतीने ती कोणी चोरायचं नाही. तेव्हा माझ्याकडून हे लिहून होतंय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच आहे. आणि मला अतिशयोक्तीची सवय नाही – हे माझ्या मित्रांना विचारायला जाऊ नका.

तर वृंदा. पुण्यात कॉलेजात इंग्लिश शिकवायची. माझ्या नोकरीमागे इथे आली, रेवा झाली, आणि कॉन्डोत सगळे तिला ‘रेवाज मदर’ म्हणायला लागले. लिफ्टमध्ये रेवाज मदर, क्लिनिकमध्ये रेवाज मदर. रेवाज मदर मात्र रोज सकाळी डायनिंग टेबलावर बसून या अज्ञात बाईची कादंबरी मराठीत आणत होती. वर्षानुवर्षं. आमच्या घरात जेवायला जागा नव्हती, बाईला होती.

त्या बाईने पाच कादंबऱ्या लिहिल्या. सगळ्यांवर ‘बाय अ लेडी’. छापणाऱ्याचं दुकान जळलं, त्यात कागदपत्रं गेली. तिच्याबद्दल जे काही कळतं ते तिच्या प्रस्तावनांमधून. एकीत लिहिते, चिमणी धूर ओकते आहे, तेव्हा नायिका रडकी झाली असेल तर क्षमा असावी. दुसरीत धाकट्याला गोवर आलाय. तिसरीत नवरा मासे धरताना नदीत पडला, आणि – हे वृंदाने मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं – ‘दुर्दैवाने सुखरूप बाहेर निघाला.’ त्या वाक्यावर वृंदा इतकी हसली की मी त्या आठवड्यात स्विमिंगला गेलो नाही.

सगळं कळतं, नाव तेवढं नाही. वृंदाने इंग्लंडातल्या लायब्ऱ्यांना लिहून लिहून त्यांना भंडावून सोडलं, पण काही सापडेना. आणि आता पुण्याचे प्रकाशक अनुवाद छापायला निघाले होते. मुखपृष्ठ सोमवारी प्रेसला जाणार. “लेखिकेच्या जागी ‘अज्ञात’ घालतो, मॅडम,” ते म्हणाले. वृंदा शनिवारी जेवली नाही.

“अज्ञात म्हणजे काय रे मिलिंद? स्टेशनवर सापडलेली बॅग आहे का ती?”

रविवारी मी आपला प्रोजेक्टर सांभाळायला गेलो होतो. हळदीकुंकवात पुरुषाला प्रवेश मिळायचा तर एचडीएमआयची वायर हातात लागते.

तर, ओरडून झाल्यावर वृंदाने भाषण सुरू केलं. आणि तेव्हा मला शेवटच्या रांगेत ती दिसली.

गोरी. पन्नाशीची असेल. डोक्यावर झालरीची पांढरी टोपी, करड्या रंगाचा पायघोळ झगा, वर एप्रन. उजव्या हाताची बोटं काळी. बसली होती मात्र अशी की खुर्ची तिच्या बापाची आहे.

मला वाटलं, कोणाची तरी ऑफिसातली मैत्रीण, फॅन्सी ड्रेस समजून आली असेल. पण बायकांचं गणित वेगळं. भाषण बाईचं, समोर टोपी आणि एप्रन...

“अगंबाई, प्रात्यक्षिकाला आणलीय वाटतं!” एक कुजबुजली.

“गोरी बाई? वृंदाने गोरी बाई ठेवली?”

“आणि रविवारी आलीय, बघ! ऑफ-डे असून!”

“एजन्सीचं नाव घे आधी!”

कुजबुज अशी फिरली की वृंदाची चिमणी, गोवर, नवरा कोणी ऐकेना. एकीने तर तिच्या हातात वड्यांचा ट्रे दिला आणि म्हणाली, “आंटी, पास अराउंड, कॅन?” त्या बाईने ट्रे मांडीवर घेतला, एक वडी तोंडात टाकली, आणि ट्रे तिथेच ठेवून घेतला. शेवटपर्यंत.

वृंदा तिसऱ्या कादंबरीवर आली. “या कादंबरीत नायिका शेवटच्या पानावर अचानक जहागीरदाराशी लग्न करते –”

“तिने लग्न केलं नव्हतं.”

इंग्लिशमध्ये. आवाज मोठा नव्हता, पण खणखणीत. टोपीवाली बोलली होती.

“मी तिला बोटीत बसवून पाठवलं होतं,” ती पुढे म्हणाली. “लग्न छापणाऱ्याने लावलं.”

बायका खूश! बोलणारी बाई मिळाली! टाळ्यासुद्धा पडल्या. वृंदाच्या हातातला माइक मात्र खाली आला. मी तिच्या शेजारीच होतो. चेहरा सोललेल्या लसणासारखा पांढरा.

“मिलिंद...” ती माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाली. “शेवटचं पान तिचं नाही असं मला कायम वाटत आलंय. त्याची भाषाच वेगळी आहे. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. तुलाही नाही.”

“मग हिला कसं कळलं?”

“हो ना!”

माझ्या मानेवर काटा आला. एसीने नव्हे, तो मघाशी मीच चोवीसवर आणला होता.

वृंदा माइक टाकून निघाली, पण तेवढ्यात काकूंनी घोषणा केली, “चला, भाषण झालं! हळदीकुंकू!” आणि अख्खी फंक्शन रूम उभी राहिली. तुम्ही हळदीकुंकवाची गर्दी पाहिली असेल तर मला सांगायला नको. पैठणीच्या पदरांची भिंत. इथल्या मेट्रोत, एमआरटीत, ऑफिसच्या वेळी घुसता येतं, तिथे नाही. वृंदा कोपरं मारतेय, “अहो, सोडा ना, मला तिला एकच विचारायचंय!” आणि बायका म्हणतायत, “रांगेने गं वृंदा, वाण सगळ्यांना आहे!”

काकू करंडा घेऊन थेट मागच्या रांगेत.

“काकू, ती...” कोणीतरी अडखळलं. “तिला पण?”

“मी कुणाचा नवरा विचारत नाही आणि कुणाचा पासपोर्ट विचारत नाही,” काकू म्हणाल्या. “दाराच्या आत आली ना? मग कुंकू.”

हे मात्र काकूंना मानलं पाहिजे. त्यांनी टोपी जरा वर सरकवली, हळद लावली, कुंकू लावलं, आणि काळी बोटं बघून म्हणाल्या, “शाई का? लिंबाने जाते.” मग वाण दिलं, निळ्या झाकणाचा डबा. आणि मग, सवयीने, “हं, नाव घ्या!”

आमची रेवा शेजारी होती, तिने समजावलं, “आंटी, यू मस्ट से द नेम. इन राइम. ऑल ऑफ देम ऑल्सो डू वन, व्हेरी फास्ट, डोन्ट वरी लाह.”

“नाव?” ती बाई म्हणाली. “मी घेऊ?”

“यू लाह! हू एल्स?”

आणि देवाशप्पथ सांगतो, ती उभी राहिली. एप्रन सारखा केला. असा उभा राहिलेला माणूस मी एकदाच पाहिलाय, आमच्या बँकेत तीस वर्षांनी बढती मिळालेला. ती इंग्लिशमध्येच म्हणाली, पण चाल अगदी आपली. मराठीत साधारण असं –

*धुरकट चुलीपाशी लिहिल्या कादंबऱ्या पाच,*
*नवरा गेला माशांना, घरी पोरांचा जाच,*
*छापणाऱ्याने गाळलं ते आज घेते मीच –*

“गप्प बसा!” वृंदा किंचाळली. “सगळ्या गप्प बसा! एक मिनिट!!”

पण उखाण्याचा नियम तुम्हाला माहीत आहे. नाव येण्याच्या क्षणाला कोणी गप्प बसत नाही. नाव ओठावर आलं रे आलं की बायका “आई गं! वाऽऽ वा!” करून छप्पर उडवतात. तशाच ओरडल्या. गोऱ्या बाईने उखाणा घेतला म्हणून दुप्पट ओरडल्या. मी तिचे ओठ हललेले पाहिले. दोन शब्द होते. पहिला लहान, दुसरा लांब. ऐकू काही आलं नाही.

वृंदा भिंत फोडून पोचली तेव्हा खुर्चीवर ट्रे होता. रिकामा.

मग आम्ही काय काय केलं! मी गेटवर धावलो. गार्ड अंकल म्हणाले, “नो आंग मो लेडी टुडे, सर. ओन्ली युअर साडी पीपल.” आंग मो म्हणजे गोरे. रेवाच्या मैत्रिणीने सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. त्यात काकू आहेत, करंडा आहे, काकूंचं बोट हवेत कुंकू लावतंय. डबा काकूंच्या हातातून निघतो आणि... गायब. रेवा खुर्चीशी बोलते. मग नुसता बायकांचा आरडाओरडा. रेवा तो व्हिडिओ बघून म्हणाली, “बाबा, आय नॉट क्रेझी, ओके? शी स्मेल लाइक सातेह.” सातेह म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस; धूर, तिला म्हणायचं होतं. धुराचा वास मलाही आला होता.

कोणी म्हणालं, सामूहिक भ्रम. इतक्या मराठी बायकांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, भ्रमावर कुठून होणार? कोणी म्हणालं, नटी असेल. मग शेवटच्या पानाचं तिला कोणी सांगितलं? मी व्हिडिओची फाइल बाइट न् बाइट तपासली. फाइल ठणठणीत आहे. हे तिकीट माझ्याकडे आजही उघडं आहे, आणि बँकेत मी तक्रार सुटल्याशिवाय तिकीट बंद न करणारा माणूस आहे.

वृंदा सगळ्या जाईपर्यंत जमिनीवर बसून होती, पैठणीसकट. रडत नव्हती, तेच वाईट होतं. “दोनशे वर्षांत पहिल्यांदा घेतलं रे तिने,” एवढंच म्हणाली. “आणि आम्ही ओरडलो.”

तेव्हा माझ्या डोक्यात आलं – काकू! ती नाव घेत असताना काकू करंडा घेऊन तिला खेटूनच उभ्या होत्या. त्यांचा कान तिच्या ओठांपासून वीतभरसुद्धा लांब नव्हता, आणि काकूंना पुंगोलमध्ये कुजबुजलेलं ईस्ट कोस्टला ऐकू येतं. मी वृंदाला हाताला धरून उठवलं. काकू कोपऱ्यात उरलेल्या वड्या डब्यात भरत होत्या.

“काकू,” वृंदा म्हणाली, “तिने शेवटी काय नाव घेतलं? तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं की.”

“काय होतं?”

काकूंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“अगं, नवऱ्याचं नाही घेतलं तिने, स्वतःचंच घेतलं. उखाण्यात ते काही धरत नाहीत, म्हणून मी लक्षात नाही ठेवलं.”