बियाण्याची तांबोशी

हसा बाप्पा, हसून घ्या. सेलूच्या बाजारात भेंडी उतरवाले गेलो तरी हेच, सिंदीले गेलो तरी हेच. आज अठी जामच्या चौरस्त्यावर एक कप चहा प्याले थांबलो, तर तुम्हीबी तेच विचारून राह्यले. "काऊन भाऊ, समुद्रातली मासोळी काय म्हणते?" थकलो मी आता. एकदाचं पहिल्यापासून सांगून टाकतो, मंग पुन्हा कोणी तोंड उघडाचं नाई. चांगल्या भल्या माणसानं आपल्याच हातानं आपली इज्जत कशी घालवाची, ते ऐकाच तुम्ही.

तर माही पोरगी सोनल कोकणात देल्ली आहे. इतक्या दूर काऊन देल्ली, ते विचारू नका. तिनं पोरगा पसंत केला अन् आम्ही हो म्हटलं. तिचे सासरे, म्हणजे माहे इवाई, रिटायर मास्तर. सारं गाव त्याईले मास्तरच म्हणते. माणूस सज्जन, पण नियमाचा असा पक्का का घरात चपलासुद्धा रेघ मारून ठेवते.

लग्नाले दोन वर्षं झाले, तरी मी तिच्या घरी गेलो नोहतो. भाजीपाल्याच्या माणसाले सुट्टी कुठची? भेंडी काय म्हणते का, जा बाप्पा, फिरून ये, मी थांबते? एक दिवस नाई तोडली का निबर झाली, मंग ढोरंबी तोंड लावत नाई. शेवटी बायको म्हणाली, "जाऊन या न एकदा. पोरगी फोनवर रडते. भेंडी मी पाहीन." गेलो मंग.

वर्ध्याहून एक गाडी, मंग दुसरी गाडी, मंग यष्टी, मंग रिक्षा. पोचलो तवा माहे गुडघे माहे राह्यले नोहते. म्हटलं, आता दोन दिवस नुसतं झोपाचं. तर मास्तर दारातच उभे!

"या या, व्याहीबुवा! उद्या पहाटे आपल्याला बोटीनं गळाला जायचंय!"

मी सोनलकडे पाह्यलं. तिनं डोळ्यानंच सांगतलं, बाबा, हो म्हणा. म्हटलं हो.

मंग चहा देता देता तिनं हळूच सारी गोष्ट सांगतली. तिकडे हौसेनं गळ टाकणारे लोक बहुत झाले म्हणे. लहानशी बोट घ्याची, समुद्रात जाचं, सापडन ते भरून आणाचं, फोटो काढाचे, अन् खाऊन उरलं का फेकून द्याचं. ज्याईचं पोटच मासोळीवर आहे ते कोळी लोक चिडले. आमचं बियाणं हे हौशी लोक उचलून नेतात, म्हणून भांडणं होऊ लागले. मास्तर तीन वर्षं घरोघरी फिरले, हौशी लोकाईचं मंडळ केलं अन् नियम लावला. माणशी दोनच मासे. अन् बियाण्याचा जीव उचलाचा नाई. नियम मोडला तर ती बोट एक हंगाम बंद.

"उद्या नियमाचा पहिला दिवस आहे बाबा," सोनल म्हणे. "पहिली बोट मामंजीची. धक्क्यावर सारे कोळी तपासाले येतीन. मामंजीचं नाव राह्यलं पाहिजे. तुम्ही काई गडबड करू नोका."

"मी? गडबड? अवं, पंचवीस वर्षं झाले मी बियाणं राखून राह्यलो. मले शिकवतं?"

हेच ते. इथंच पाय घसरला, पण तवा काई समजलं नाई.

पहाटे निघालो. बोट काय सांगू तुमाले, आपल्या खाटेपेक्षा जराक मोठी. मले एक केशरी फुगीर जाकीट घालून देल्लं. त्यात मान खाली होईना अन् हात वर होईना. किनारा दूर गेला अन् माह्या पोटातला चहा वर येऊ लागला.

"मास्तर, हे पाणी एका जागी उभं काऊन नाई राहत?"

"समुद्र आहे तो, व्याहीबुवा."

"थोडा वेळ तरी?"

मास्तर हसले. मी दोन्ही हातानं बोटीची कड धरून बसलो. मनात म्हटलं, केळझरच्या गणपतीबाप्पा, एवढ्या बारीनं जमिनीवर उतरव, पुन्हा बादलीतल्या पाण्यातबी वाकून पाहणार नाई.

नांगर टाकला, गळ सोडले. मंग मास्तरनं कामं वाटून देल्ले. "माझा मोतीबिंदू काढलाय. उन्हात पाणी चमकलं की मला पट्टीवरची रेघ दिसत नाही. मासे आपण या टपात पाण्यात ठेवू, जिवंत राहतील. शेवटी निवड तुम्ही करायची." अन् माह्या हातात एक लाकडाची पट्टी देल्ली. तिच्यावर लाल रेघ. वितीपेक्षा चार बोटं जास्त असन.

"म्हणजे कसं कराचं?" मी विचारलं. विचारलं बरं का! नाई विचारलं असं नाई.

"अहो, तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हाला मी काय सांगू! रेघेवरून ठरवायचं. बियाण्याचं पाण्यात सोडायचं, खाण्याचं घरी न्यायचं. माणशी दोन, म्हणजे चार."

आता सांगा, यात न समजण्यासारखं काय आहे? मास्तरनं माह्यासाठी मुद्दाम शेतकऱ्याच्या भाषेत सांगतलं. मले इतकं बरं वाटलं का पोटातलं मळमळणंबी जरा कमी झालं.

गळाले मासे लागू लागले. मास्तरले चार, मले एक, मास्तरले पुन्हा दोन. अन् मंग माही दोरी अशी ओढल्या गेली का मीच बोटीबाहेर जातो का काय! मास्तरनं जाकिटाले धरलं, मी दोरीले धरलं, अन् दोघाईनं मिळून वर काढली. तांबोशी! हातभर लांब, लालबुंद, अन् डोळे असे का माह्याकडेच पाहून राह्यली. उभ्या जन्मात धरलेला माहा पहिला मासा चिमुकला होता, अन् दुसरा हा!

मास्तरनं तिथूनच फोन लावला. "सोनल, तुझ्या बाबांनी हातभर तांबोशी काढली! शेजारच्यांना जेवायला सांग. वाटण पंधरा माणसांचं कर!"

माही छाती जाकिटाहून फुगली.

ऊन चढलं. टपात अकरा मासे झाले. मास्तर म्हणे, पुरे, आता निवड करा. अन् माह्याकडे पाठ करून ते इंजिनाची दोरी ओढाले लागले. इंजिन काई ऐके ना. घुर्र करे अन् गप होये.

मी पट्टी घेतली. आता तुम्हीच सांगा, दोडक्याच्या वेलावर बियाण्याले कोणतं दोडकं राखता? सगळ्यात मोठं, भरलेलं, देखणं. त्याले चिंधी बांधता, कोणी चुकून तोडू नाई म्हणून. अन् खाले कोणतं तोडता? कवळं! निबर दोडक्याची भाजी बायको तुमच्या तोंडावर मारन. भेंडी बोटाएवढी असन तर बाजारात जाते, हातभर झाली का बियाण्याले. हे काय मले पुस्तकात पाहा लागते?

रेघेच्या वर गेलं ते बियाण्याचं. रेघेच्या आत राह्यलं ते खाण्याचं. एकदम साफ.

डुबुक!

"सोडलात का एक?" मास्तरनं पाठमोरंच विचारलं.

"हो!"

"वा! वा!"

डुबुक. डुबुक. एकेक मासा पट्टीले लावून, रेघ दोनदा पाहून सोडला. शेवटी तांबोशी राह्यली. माही तांबोशी. तिले दोन्ही हातात घेतलं अन् खरं सांगतो, जीव तुटला. पंधरा माणसाईचं वाटण होऊन राह्यलं होतं घरी. पण मास्तरचं नाव! पोरीनं काय सांगतलं होतं? म्हटलं, जा माय, तू तर साऱ्यात पहिले बियाण्याची आहे. चिंधी तेवढी बांधाची राह्यली. डुबुक.

"सात सोडले, चार ठेवले!"

"मोजून?"

"रेघ लावून!"

तवा कुठं इंजिन लागलं. मास्तरनं वळून पाह्यलं, तर टपावर मी ओलं पोतं झाकलेलं. त्याईचे डोळे भरून आले. "व्याहीबुवा, शिकल्यासवरल्या लोकांना तीन वर्षं समजावतोय मी. तुम्ही समुद्र काल पाहिलात आणि आज नियम पाळलात."

मी मान खाली घातली. म्हणजे घालाची होती, जाकिटानं घालू देल्ली नाई.

धक्क्यावर ही गर्दी. मंडळाचे लोक, कोळी लोक, पुढं मासे विकणाऱ्या पार्वतीकाकी कमरेवर हात ठेवून. सोनलबी आलती. मास्तरनं टप मधात ठेवला अन् भाषणच सुरू केलं. हे माझे व्याही, वर्ध्याकडचे शेतकरी, बियाण्याची किंमत यांना कळते, आज निवड यांनीच केली, काकी, पट्टी तुम्हीच लावा. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

काकीनं पोतं उचललं. पहिला मासा पट्टीले लावला. दुसरा लावला. तिसरा तर हातात घेऊन नुसताच पाह्यला. मंग मास्तरकडे पाहून म्हणतात, "मास्तर, ही तर अजून आईच्या पदराखालची पोरं आहेत."

चारही रेघेच्या आत. टाळ्या वाजवणारे हात तसेच राह्यले.

सोनल पुढं आली. "बाबा, मोठी तांबोशी कुठं आहे?"

अन् मी, डोक्यात अजून उजेड पडला नाई म्हणून, छाती काढून साऱ्याईले ऐकू जाईन असं सांगतलं, "सोडली! बियाण्याले!"

बाप्पा रे! काकीनं पट्टीवरची लाल रेघ माह्या नाकासमोर धरली.

मंग हळूहळू मले समजलं, पायापासून वर. मासा लहान आहे म्हणजे त्याची पिल्लं व्हाची आहे अजून. त्याले वाढू द्याचं, एकदा तरी अंडी घालू द्याची, म्हणून ती रेघ. मी दोडक्याचं सांगतलं, भेंडीचं सांगतलं, चिंधीचंबी सांगतलं. पार्वतीकाकी हसता हसता धक्क्यावर खालीच बसल्या. "अरे बाबा," त्या म्हणे, "तुझं डोकं अर्धं बरोबर आहे. मोठी मासळी अंडी जास्त घालते, ती सोडलीस ते पुण्य. पण ही पोरं आणलीस त्याचं काय?" चारही जीव तरतरीत होते. काकीनं टप उचलला अन् धक्क्यावरून पाण्यात रिकामा केला.

सारे हसून राह्यलते. फक्त मास्तर नाई. ते धक्क्यावरच्या फळ्याजवळ गेले, खडू घेतला अन् आपल्याच बोटीचा नंबर लिहिला. पुढं लिहिलं, एक हंगाम बंद.

मले रडू आलं हो. तीन वर्षं ज्या माणसानं लोकाईचे पाय धरले, त्याच्याच बोटीनं पहिल्या दिवशी नियम मोडला, अन् तोबी माह्यापायी. सोनल खाली पाहून उभी. मी म्हटलं, "मास्तर, चूक माही आहे. बोटीचं नाव पुसा, माहं लिहा."

"बोट माझी, निवड सोपवली मी. नियम सगळ्यांना सारखा."

"मंग माहंबी लिहा! नाई लिहिलं तर मी अठून हलत नाई!"

मास्तरनं माह्याकडे पाह्यलं, उसासा टाकला, अन् नंबराच्या खाली माहं नाव लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. कोळी लोकाईतून एक जण म्हणाला, "मास्तर स्वतःला सोडत नाही, म्हणजे नियम खरा आहे." अन् त्यानं येऊन मास्तरचा हात धरला. ते पाहून मले जराक दम आला.

पंधरा माणसाईच्या वाटणात त्या दिवशी बटाटे टाकले. सारे चाटून पुसून खाऊन गेले, अन् जाता जाता प्रत्येकानं मले विचारलं, बटाटे कवळे होते का? मी परत आलो, पाठोपाठ ही गोष्टबी गावात आली. कोणी आणली ते विचारू नका, माह्या बायकोचा फोन दिवसभर पोरीसोबतच चालू असते.

परवा नवा हंगाम लागला. मी मास्तरले फोन केला. म्हटलं, "इवाई, सुटलो का आपण? उठली का बंदी?"

"हो, उठली की! कालच बोट पाण्यात घातली."

"चला, जीव भांड्यात पडला. म्हणजे फळा पुसला?"

"नंबर पुसला हो. तुमच्या नावापुढं मात्र मुदत लिहायची राहूनच गेली होती. मी काल लिहायला गेलो, तर मंडळ म्हणालं, मास्तर, असू दे, ती जागा कोरीच बरी."

म्हणजे पाहा बाप्पा, आता त्या आख्ख्या समुद्रात जाची बंदी एकाच माणसावर आहे, अन् त्याच्या गावचा नालाबी संक्रांतीले आटते.