डाव्या खांद्यामागचा स्पीकर

गाडीवरचा आवाज जमला की नाही, हे तो कानानं ठरवतच नसे. स्पीकरसमोर छाती काढून उभा राही, डोळे मिटी आणि म्हणे, "इथं धडकलं पायजे, काकाजी! कानाचं काय, कान म्हशीलेही असते."

अमरावतीत बडनेरा रोडला त्याचं दुकान होतं. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल, तर त्याचं काम तुम्ही ऐकलंच असेल. लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींचे बारके स्पीकर काढायचे, मोठे बसवायचे, अ‍ॅम्प्लिफायर वाढवायचा. शेजारच्या चहावाल्याच्या कपबशा वाजल्या की गडी खूश. "हाव, आता जमलं!"

माझी गाडीही तसलीच. मी आणि बायकोनं म्हातारपणी हौसेनं घेतली. गल्ली हसली. आम्ही तीवर बसून बाळापूरला, तिच्या माहेरी जाऊन आलो, मग गल्ली जळली.

बायको गेली आणि गाडी पडून राहिली. मग मेव्हणीनं मोबाइलवर एक जुना निरोप धाडला. बायकोनं चालत्या गाडीवरून तिला बोलून पाठवलेला. "आमी निघालो व. वांगे चिरून ठेव, फोडणी मी देतो. अवो, टरक हाये समोर! हळू ना बाप्पा!"

घरात बसून तो मला ऐकवेना. गाडीवरचं बोलणं गाडीवरच ऐकायचं होतं. पण गाडीनं जरा वेग घेतला की बायको वाऱ्यात विरून जाई. तेवढ्यासाठी मी त्याच्याकडे गेलो.

त्यानं आपल्या रीतीनं काम केलं. समोर दोन भले मोठे स्पीकर, नवा अ‍ॅम्प्लिफायर, बास पुरा. निरोप लावला आणि बायको गरजली. "वांगे चिरून ठेव" ऐकून रस्त्यानं जाणारी एक बाई जागीच थांबली.

मी म्हटलं, "अबे, माही बायको होती ते. पैलवान नोयती."

त्यानं बास कमी केला. तरी मला पटेना. "ते समोरून कधी बोललीच नाही. मांगून बोले. डाव्या कानात."

"हे आधी सांगाचं ना, काकाजी!"

असं म्हणून तो मिशीवाला, पोट सुटलेला माणूस लुगडं नेसल्यासारखा दोन्ही पाय एका बाजूला सोडून माझ्यामागं बसला. खांद्यावर हात ठेवला, कानाशी आला. "अवो, हळू!"

"खाली हो. बुटकी होती ते."

तो वाकला. "अवो, हळू!"

"अजून जरासा."

चहावाला शिट्ट्या मारत होता. मी इतका हसलो की उभी गाडी कलंडायला आली. ती गेल्यावर पहिल्यांदाच हसलो. तिचं तोंड जिथं आलं, तिथं त्यानं मागच्या कॅरियरला दांडी जोडली आणि तीवर एकच स्पीकर बसवला.

तपासायला बडनेऱ्यापुढं गेलो. तो तसाच मागं, एका बाजूनं. गाडीनं वेग धरला. डाव्या कानात वांगी आली, फोडणी आली आणि, "टरक हाये समोर!"

मी करकचून ब्रेक मारला. त्याचं नाक माझ्या हेल्मेटवर आदळलं.

"कुठं हाये टरक?" तो ओरडला.

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आम्ही खिदळलो. मग मी रडलो. गाडी पडू नये म्हणून त्यानं ती धरून ठेवली.

जरा वेळानं म्हणाला, "आता असेच बाळापूरले जा."

"चाल, तुले दुकानात सोडतो."

"मी ऑटोनं जातो. मीच बसलो, तर ते कुठं बसन?"

मागच्या उन्हाळ्यात तोही गेला. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला तो दिसतो तो गाडीच्या आरशात. भर रस्त्यात उभा, एका हातानं नाक धरलेलं, आणि दुसऱ्या हातानं मला सांगतोय, जा, जा.