पितृपंधरवड्यातला समुद्र

शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून बसलं की मस्टर, दाखले, बिलं सगळं फाइलला लागतं. किस्से तेवढे लागत नाहीत. ते असेच साठत राहतात, आणि डबा उघडला की कुणीतरी म्हणतं, "त्या वर्षीचं सांगा ना समुद्राचं!"

आमची शाळा भोरची. समुद्र सगळ्यांनाच आवडतो, पण दिवाळीत आणि नाताळात कोकणातले रेट ऐकले की घरीच बादलीत पाय बुडवावेत असं वाटतं. म्हणून आम्ही पितृपंधरवड्यात जातो. तेव्हा कुणी फिरायला निघत नाही. शनिवार अर्धा, रविवार पूर्ण आणि सोमवारची एक रजा. गणिताचे गुजर सर, पीटीच्या सावंत मॅडम आणि मी. गाडी सावंत मॅडमच्या दिराची, चालवायला त्या स्वतः. वरंध घाट चालू असेल तर तिकडून, नाहीतर ताम्हिणीतून.

*

पहिल्या वर्षी खोलीचा फोन गुजर सरांनी केला. स्पीकरवर टाकला, म्हणजे आम्हाला शिकायला मिळेल. घरगुती राहण्याची सोय होती, मालकीण शुभदाकाकू.

"एसी नको आम्हाला. त्याचे कमी करा."

केले.

"टीव्ही बघत नाही आम्ही."

त्याचेही थोडे केले.

"गरम पाणी नको. थंडच घेतो."

मग काकू म्हणाल्या, "सर, छप्पर ठेवू ना?"

*

तिथं पोचलो तर फाटकावर पाटी, 'हाऊसफुल्ल'! अंगणात चिटपाखरू नाही. गुजर सरांचा चेहरा पडला. "ॲडव्हान्स घेतला आणि दुसऱ्याला दिली खोली!" सावंत मॅडमनी गाडी वळवायला घेतली. तेवढ्यात काकू धावत आल्या.

"अहो, थांबा! ती पाटी मे महिन्यापासून आहे. कामाचा माणूस गावी गेला, माझा हात पोचत नाही!"

सावंत मॅडम उंच. त्यांनी उतरून पाटी काढली, मग आम्ही आत गेलो. गुजर सरांनी ती पाटी काढल्याचेही काही कमी होतात का, ते विचारून पाहिलं. नाही झाले.

*

किनाऱ्यावर आम्ही आणि एक जीवरक्षक, बस. नवीनच लागला होता बिचारा. सावंत मॅडम गुडघाभर पाण्यात गेल्या तशी त्यानं शिट्टी मारली. फुर्रर्र... फुस्स.

मॅडम पाण्यातच थांबल्या. वीस वर्षं पोरांना शिट्टीवर नाचवणारी बाई. तरातरा बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, भांडण होणार.

"ही शिट्टी? लाटेच्या आवाजात कुणाला ऐकू जाईल? माणूस बुडेल ना! पोट आत घे. आता मार!"

अर्धा तास त्यांनी त्याला वाळूत उभं करून शिकवलं. संध्याकाळी त्यानं अशी शिट्टी मारली की लांब सुरूच्या बनात फिरणारे गुजर सर जागेवर अटेन्शनमध्ये उभे राहिले!

*

एका वर्षी घोडागाडीवाला भेटला. गुजर सरांनी भाव विचारायच्या आधीच तो म्हणाला, "फुकट बसा साहेब. घोड्याची सवय मोडलीय, तेवढीच प्रॅक्टिस."

फुकट म्हटल्यावर सर आधी चढले. घोडा हलेना. गाडीवाल्यानं चुचकारलं, मी गूळ दिला, काही नाही. शेवटी सर उतरले आणि लगाम धरून पुढं चालायला लागले. तसा घोडा शहाण्यासारखा मागं निघाला. गाडीत आता गाडीवाला एकटाच.

पार टोकाला गेल्यावर तो वरून म्हणाला, "साहेब, माझे किती झाले?"

*

गेल्या वर्षी काशीबाई आल्या. आमच्या शाळेच्या शिपाई, मूळ हिर्डोशीच्या, जूनमध्ये रिटायर झालेल्या. मुलगे दोन, एक भोरात, एक कामथडीला. आईनं एक महिना याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं राहायचं असं दोघांनी ठरवलेलं. तारीख उलटली की पिशवी भरायची. सावंत मॅडम म्हणाल्या, "मावशी, एकदा समुद्र तरी बघा," आणि गाडीत घातलं.

शुभदाकाकूंचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये. काशीबाईंनी गेल्या गेल्या पदर खोचला आणि भाकरी टाकायला बसल्या. काकू "अहो, तुम्ही पाहुण्या!" म्हणत राहिल्या. रात्री दोघी ओटीवर बोलत बसल्या होत्या, काय ते आम्हाला ऐकू आलं नाही.

रविवारी अख्खी दुपार काशीबाई पाण्याच्या कडेला. लाट पायावर आली की हसायच्या. मी म्हटलं, "मावशी, चला आता, ऊन लागेल."

"कुनाला घाई हाय?" म्हणाल्या.

सोमवारी सकाळी बॅगा गाडीत ठेवल्या, गाडी चालू केली. काशीबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या. पिशवी आत खुंटीला तशीच.

"मावशी, निघायचंय!"

"तुमी जावा. म्या हितंच ऱ्हाते."

काकू दारात उभ्या. त्यांनी प्लास्टरचा हात जरा वर केला.

गुजर सर घाबरले. "अहो, पण तुमच्या मुलांना मी काय सांगू?"

काशीबाईंनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"सांगा, एक म्हैना थोरल्याकडं, एक धाकल्याकडं, आन एक समुद्राकडं."