तात्यांच्या मापाचं चिलखत

कडीमामा भेटले की आधी तुमच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत. मग छाती, मग काख, मग पोट. लग्न असो, मयत असो, ग्रामसभा असो. नवा माणूस बावरायचा आणि विचारायचा, "मामा, काय बघताय?" मामा म्हणायचे, "काय न्हाई, जरा उतरलायस." आणि ते खरं निघायचं. आमच्या न्हावऱ्यात वजनकाट्यापेक्षा मामांच्या नजरेवर लोकांचा जास्त भरवसा होता.

त्यांच्या दोन्ही हातांत सदानकदा पकडी असायच्या आणि मांडीवर पत्र्याचा डबा. डब्यात पोलादी तारेच्या कड्या. एक कडी चार कड्यांत ओवायची, तोंड दाबायचं, त्यात बारीक रिवेट ठोकायचा, की पुढची. रिवेट घरी ठोकायचे, ओवायचं काम मात्र कुठेही चाले. शिरूरच्या एसटीत मागच्या सीटवरून टिकटिक ऐकू आली की कंडक्टर न बघताच म्हणायचा, "मामा, तिकिटापुरता तरी हात मोकळा करा." कडीमामा हे नाव मीच ठेवलं. आधी त्यांच्या माघारी म्हणायचे, मग गावानं तोंडावर म्हणायला सुरुवात केली.

मामा रांजणगावच्या एका कंपनीत फिटर होते. रिटायर झाले त्याच सुमारास गावातल्या पोरांनी पथक काढलं. महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीत जुन्या काळचे मावळे, सरदार, पट्टेकरी जसेच्या तसे उभे करायचे. हत्यारं आणि चिलखतं मामांची, कपडे माझे. मी बापडी ब्लाउज शिवणारी, फॉल-पिको करणारी बाई. पहिला अंगरखा शिवायला घेतला तेव्हा मी सहज विचारलं, "मामा, पुढं चेन लावू का?" मामा मटकन स्टुलावर बसले. "सुमे, अगं अफजलखान दारात आल्यावर चेन अडकली तर? बंद लाव बंद." तेव्हापासून मी बंद लावत आले. शिवून झालेला कोरा अंगरखा ते चार वेळा धुवायला लावायचे, उन्हात टाकायला लावायचे. कोरं कापड घालून कोण लढाईला जातं, म्हणायचे. एकदा मिरवणुकीत कासुर्डीचा एक पोरगा झगमगीत सॅटिन घालून आला, तर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यो सरदार हाय का बँडमास्तर?" पोरगा रडकुंडीला आला. मग त्यांनीच त्याला चहा पाजला आणि माप घेतलं.

त्यांचा एक नियम होता आणि तो कुणासाठी मोडत नसे. नवी तलवार असो, ढाल असो की चिलखत, दसऱ्याला त्यांच्या घरात पुजल्याशिवाय घराबाहेर जायचं नाही. वर्षभर केलेलं सगळं दसऱ्याला पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आणि मग ज्याचं त्याच्या हवाली. एका वर्षी भाद्रपदात दौंडहून कॉलेजची पोरं आली. त्यांचा कार्यक्रम तोंडावर आला होता, तलवारी तयार होत्या, समोर भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पोरं हातापाया पडली. मामांनी त्यांना पोहे खाऊ घातले आणि रिकाम्या हातांनी परत धाडलं. "तलवार म्हंजी मेथीची जुडी न्हाई, आज उपटली आन् आज नेली," म्हणाले. पोरांनी शेवटी लाकडी तलवारींवर भागवलं. आम्ही त्यावर पुष्कळ हसलो होतो.

तात्या म्हणजे मामांचे जिवाभावाचे मित्र. उंचेपुरे, राखलेल्या मिशा, घोड्यावर बसले की बायका पदर सावरून बघायच्या. मिरवणुकीत सरदार व्हायचे ते तात्याच. पण पहिली काही वर्षं तात्यांच्या अंगात होतं ते लोकरीनं विणून चांदीचा रंग मारलेलं सोंग. माझ्याच नणंदेनं विणलेलं. लांबून चिलखत वाटायचं, जवळून स्वेटर. उन्हात घामानं रंग सुटून घोड्यावर ठिबकायचा. मामांना त्याची फार लाज वाटायची. त्यांनी भर चावडीत तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला, "गड्या, तुझ्या अंगावर खरं चिलखत घालीन तवाच मला फिटर म्हण." तात्या म्हणाले, "मग पोट वाढायच्या आत घाल."

चिलखत निम्मं झालं आणि दूध डेअरीची निवडणूक लागली. एका पॅनेलमधून तात्या उभे राहिले, दुसऱ्यातून मामांचे सख्खे भाऊ. मामा भावाच्या बाजूनं बसले. दुसरीकडे बसणार तरी कसे? आमच्याकडे पॅनेल फुटलं की घरं फुटतात. इकडच्यानं तिकडे पाणी प्यायचं नाही, बारशाला जायचं नाही. प्रचारात कुणी काय बोललं, कुणी ते जाऊन सांगितलं, देव जाणे. तात्या पडले. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. समोरासमोर आले तर एक जण चपलेचा अंगठा बघायचा आणि दुसरा आभाळ. आणि दोघंही मला सांगायचे, "त्यानं हाक मारली असती तर मी काय थांबलो असतो व्हय?" पुरुषांची अक्कल! दोघांच्या दारांमधे एक बोळ, आणि तो ओलांडायला कुणी तयार नाही.

चिलखत मात्र थांबलं नाही. मामांच्या पडवीत ते खुंटीला लटकलेलं असायचं. कुठलं लग्न झालं, पंगतीत तात्या दिसले, की दुसऱ्या दिवशी मामा चिलखत खाली काढायचे आणि काखेखालचा पट्टा उसवून दोन ओळी वाढवायचे. अबोल्यात तात्यांचं पोट सुटलं आणि त्याबरोबर चिलखतही सुटत गेलं. मी मुद्दाम विचारायचे, "मामा, कुणाचं हो एवढं मोठं?" मान वर न करता म्हणायचे, "हाय एक गिऱ्हाईक. लय खातंय." गंज चढू नये म्हणून महिन्यातून एकदा ते पोत्यात घालून, वर घोड नदीची वाळू ओतून, अंगणभर गडगडवायचे. तो खळखळाट बोळापलीकडे तात्यांच्या ओसरीवर ऐकू जायचा. तात्या म्हणायचे, "लागलं बघा मोलमजुरीला." पण आवाज बंद होईपर्यंत आत जायचे नाहीत. हे मला काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, नंतर सांगितलं.

मग तात्यांना पोटाचं दुखणं लागलं. पुण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. गणपतीच्या आरतीला ते शालीत गुंडाळून येऊन बसले, तर बघवत नव्हतं. मामा मंडपाच्या खांबाला टेकून एकटक बघत होते. दुसऱ्या दिवशी पडवीत छिन्नी आणि हातोडी घेऊन बसले. रिवेट तोडायचे, कड्या काढायच्या. दिवसभर खाट खाट. ओवण्यापेक्षा उसवणं अवघड असतं, एक एक रिवेट फोडावा लागतो. गाव ते बघून गेलं आणि गावानं आपलं ठरवलं: तात्या आजारी पडला म्हणून मामा त्याचं चिलखत मोडतोय. भांडण किती खोल असावं! बोळातून ते तात्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

मला खरं कळलं ते मामा डगला घेऊन दुकानात आले तेव्हा. चिलखताच्या आत घालायचा, कापूस भरून टाचलेला तो डगला मीच तात्यांच्या मापानं शिवला होता. मामांनी तो कातरायच्या टेबलावर ठेवला. "दोन्ही बाजूंनी आत घे, सुमे. चार बोटं."

"मामा, म्हणजे चिलखतही तात्यांसाठीच आवळताय?"

"त्याच्या अंगात र्‍हायलंय काय आता? मोठं घातलं तर पोरानं बापाचा सदरा घातल्यावाणी दिसंल. लोक हसतील त्याला." एवढं बोलून मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी दुकान तसंच टाकून काकूंकडे गेले. काकू म्हणाल्या, "मोडतोय असं ऐकलं आन् हे दोन दिस जेवले न्हाईत बघ. मोडू दे म्हणले, माझं काय हाय त्यात." मी सगळं सांगितलं. आत खाटेवर तात्या पडलेले होते, त्यांनी ऐकलं असावं. आतून आवाज आला, "माप बरोबर घेतलंय का इचार त्येला. का इथं येऊन घेतुय?"

झालं! अबोला फुटला. मी धावत बोळ ओलांडून मामांना सांगितलं. मामांचा चेहरा काय सांगू. उठले, बसले, चष्मा पुसला. म्हणाले, "नेतो. दसऱ्याला नेतो."

पितृपक्ष चालू होता. मी म्हटलं, "मामा, दसरा कशाला? आत्ता चला, हे काय इथंच."

"अगं, आजारी माणूस हाय. इतकी वर्सं झाली, आन् आता बिनपुजलेलं लोखंड घालू त्याच्या अंगावर? ते बी पितरपाठात? धडधाकट असता तर एक वेळ घातलं असतं. पुजून घालतो. देवीचं बळ लागंल त्याला."

मलाही पटलं. काकूंनाही पटलं. तात्या म्हणाले, "दसऱ्याला तर दसऱ्याला. मी कुठं पळून चाललोय?" मामा तरी बोळ ओलांडून नुसते भेटायला जायचे? तेही नाही. रिकाम्या हातानं त्या दारात जायचं नाही, चिलखत घेऊनच जायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. रात्रंदिवस रिवेट ठोकत बसले.

सातव्या माळेला सकाळी तात्या गेले.

मयतीला मामा लांब लिंबाखाली उभे होते. दसऱ्याला त्यांनी चिलखत पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि दिवस कलताना ते पोत्यात घालून माझ्या दारात आले. "चल सुमे माझ्यासंगं. मी एकटा त्या दारात कसा उभा र्‍हाऊ?"

त्या घरात सुतक. तोरण नाही, सोनं नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामांनी त्यांच्यापुढे पोतं ठेवलं आणि तोंड मोकळं केलं. काकूंनी एक बाही हातात घेऊन बघितली, ती हातातून घरंगळली. "एवढं वजन हो? ह्यांना पेललं असतं का?"

"काढलं व्हतं, वहिनी," मामा म्हणाले. "लय काढलं व्हतं."

काकू बराच वेळ त्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज सकाळी उठलं की मला इचारायचे, आज कितवी माळ हाय गं."

मामा तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. तो नियम त्या वेळी मलाही पटला होता, याचं मला आजही वाईट वाटतं. पण तेव्हा तो सगळ्यांनाच शहाणपणाचा वाटला होता, हेच तर दुखतं.

पुढच्या जयंतीला तात्यांचा मुलगा बापू घोड्यावर बसायचा होता. बापू अंगानं जुन्या तात्यांसारखा, भरलेला. वडिलांचं चिलखत त्याच्या खांद्यावरूनही उतरेना. तो ते घेऊन मामांकडे आला, म्हणाला, "मामा, जरा वाढवून द्या की." मामांनी पकड हातात घेतली, काखेखालच्या ओळी चाचपल्या आणि पकड खाली ठेवली.

"ह्याचं माप आता बदलायचं न्हाई, बापू. तुला नवं करतो."

आणि केलं, ती जयंती उलटून गेल्यावर का होईना. तेव्हा त्यांच्या हाताला कंप सुटला होता, नजर मंदावली होती. धड जुळून झालं, बाह्या राहिल्या होत्या. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. मामांनी ते तसंच पोत्यात भरलं, बोळ ओलांडला आणि बापूच्या अंगात घालून बघितलं. मी म्हटलं, "मामा, आज अमावास्या! पूजा नाही, बाह्या नाहीत, थांबायचं तरी दसऱ्यापर्यंत." मामा बापूच्या खांद्याचे बंद आवळत होते.

"थांबून बघितलं की गं एकदा," म्हणाले. "बाह्या मागनं लावू."

बाह्या काही लागल्या नाहीत. त्या थंडीत मामा गेले. पथकातल्या एका दोघांना आता कड्या ओवता येतात, ते बापूला अधूनमधून म्हणतात, दे, बाह्या जोडून देतो. बापू देत नाही. जयंतीला तो बिनबाह्यांचं चिलखत घालून घोड्यावर बसतो आणि घोडा आधी त्या बोळातून नेतो.